फ्रान्समध्ये ‘मेन्यू’ मागू नका, ‘कार्त’ मागा

फ्रान्समधल्या लियों शहरात शिकायला गेले, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात एका छोट्या रेस्टॉरंटमध्ये बसून मी वेटरला म्हटलं, “मन्यु, सिल् वू प्ले.” माझ्या समजुतीप्रमाणे याचा अर्थ, मेन्यू द्या. तो हसला, त्याने भराभर दोन प्रश्न विचारले, मी “वी, वी” म्हणत मान डोलावली आणि तो आत गेला. यादी काही आली नाही. आली ती हिरव्या पानांची बशी, वर गुलाबी मांसाचे बारके तुकडे. त्यामागून दुसरी बशी, त्यामागून गोड, आणि शेवटी 24 युरोंचं बिल. घरी आजी माळकरी, मी अंडंसुद्धा घराबाहेर चोरून खाणारी. शिवाय तेव्हा तेवढ्या पैशांत माझा आठवड्याचा किराणा व्हायचा.

चूक वेटरची नव्हती. मी मन्यु मागितला, त्याने मन्यु आणला. फ्रेंच रेस्टॉरंटमध्ये या शब्दाचा अर्थ आपल्याला वाटतो तो नाही, एवढंच. शिकायला, नोकरीला किंवा नुसतं फिरायला जाणार असाल तर पुढचं आधी वाचून ठेवा.

1. ‘बेत’ आणि ‘यादी’ हे दोन शब्द वेगळे करा

आपण ज्याला मेन्यूकार्ड म्हणतो, ती पदार्थांची आणि किमतींची यादी, तिला फ्रान्समध्ये ‘कार्त’ म्हणतात. ‘मन्यु’ म्हणजे ठरलेल्या किमतीचं ठरलेलं जेवण: सुरुवातीचा पदार्थ, मुख्य पदार्थ, शेवटी चीज किंवा गोड. मराठीत याला नेमका शब्द आहे, ‘बेत’. “आज काय बेत आहे?” यातला बेत म्हणजे मन्यु. कार्त म्हणजे यादी. एवढं डोक्यात बसलं की अर्धं काम झालं.

गंमत म्हणजे आपल्या ‘मेन्यूकार्ड’मध्ये हे दोन्ही शब्द एकमेकांना चिकटून बसले आहेत. इंग्रजीतलं ‘कार्ड’ फ्रेंच ‘कार्त’वरूनच आलं. फ्रेंचमध्ये मात्र दोघांचे संसार वेगळे.

‘मन्यु’चं मूळ लॅटिन ‘मिनुतुस’, म्हणजे बारीक केलेलं. घड्याळातलं ‘मिनिट’ही त्याच घरातलं. फ्रेंचमध्ये आजही ‘मन्यु’ हे विशेषण बारीक, लहानखुरं या अर्थाने चालतं, आणि एखादी गोष्ट ‘पार ल मन्यु’ सांगितली म्हणजे बारीकसारीक तपशिलासह सांगितली. जेवणाचा मन्यु म्हणजे मुळात पंगतीला काय काय असणार याचा बारीक तपशील. ‘कार्त’ लॅटिन ‘कार्ता’वरून आलं, त्याचा अर्थ कागद. नकाशाही कार्त, पत्त्यातलं पानही कार्त, आणि प्रेफेक्चर म्हणजे सरकारी कचेरीच्या रांगेत ज्यासाठी उभं राहायचं ते राहण्याच्या परवान्याचं कार्डही कार्तच.

हे दोन शब्द वेगळे का पडले हे कळायला अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये डोकवावं लागतं. तेव्हा बाहेर जेवायचं म्हणजे बहुधा ‘ताब्ल दोत’, शब्दशः यजमानाचं टेबल. खाणावळीसारखंच समजा: ठरलेली वेळ, ठरलेला दर, एकच लांब टेबल, आणि मालक शिजवेल ते सगळ्यांनी खायचं. उशिरा आलात तर उरलंसुरलं. नेहमीचे लोक भांड्याजवळची जागा धरून बसायचे, नवख्याच्या वाट्याला रस्सा.

‘रेस्तोराँ’ हे त्या काळात जागेचं नाव नव्हतंच, ते एका पेयाचं नाव होतं. ‘रेस्तोरे’ म्हणजे पूर्ववत करणं, ताकद परत आणणं, आणि रेस्तोराँ म्हणजे अशक्त माणसाला ताकद आणणारा मांसाचा दाट अर्क. 1760च्या दशकात पॅरिसमध्ये हा अर्क विकणारी दुकानं निघाली. माथुरँ रोझ द शांत्वाझो या माणसाचं नाव त्यात ठळकपणे येतं. त्याने 1766च्या सुमाराला असं दुकान काढलं. तब्येतीच्या तक्रारी घेऊन येणारं गिऱ्हाईक वेळ पाळून कसं येणार? म्हणून कधीही या. सगळ्यांना एकच पदार्थ सोसणार नाही, म्हणून निवडून घ्या. बसायला स्वतंत्र टेबल, आणि जे घ्याल त्याचेच पैसे. पुढे अर्काचं नाव दुकानाला चिकटलं, आणि छापील यादीतून निवडण्याच्या त्या पद्धतीला ‘आ ला कार्त’ म्हणू लागले, म्हणजे यादीप्रमाणे. सुरुवातीच्या मोठ्या रेस्टॉरंटांत ही यादी वर्तमानपत्रासारखी भल्या थोरल्या कागदावर छापलेली असे.

बुलांजे नावाच्या माणसाने मेंढीचे पाय पांढऱ्या सॉसमध्ये विकले, त्यावरून स्वयंपाक्यांच्या संघाने त्याला कोर्टात खेचलं, तो जिंकला आणि रेस्टॉरंटं सुरू झाली, अशी एक गोष्ट तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. गोष्ट झकास आहे, पण त्या खटल्याचा कागद कुणाला सापडलेला नाही. चारचौघांत सांगणार असाल तर ‘म्हणे’ लावून सांगा.

1789च्या क्रांतीनंतर सरदारांची घरं बसली, व्यवसायांवरची संघांची बंधनं 1791 मध्ये उठली, आणि रेस्टॉरंटं झपाट्याने वाढली. तरी ‘बेत’ संपला नाही. आज तुम्ही मन्यु घेता तेव्हा खाणावळीची रीत पाळता, आणि आ ला कार्त घेता तेव्हा अर्कवाल्याची. दोन्ही एकाच फळ्यावर शेजारी शेजारी लिहिलेल्या असतात.

2. सोबत काय ठेवायचं

कागदपत्रं लागत नाहीत, पण या गोष्टी जवळ असू द्या:

- फोनमध्ये कॅमेऱ्याने भाषांतर करणारं अॅप, फ्रेंच आधीच डाउनलोड करून. खडूने खरडलेल्या अक्षरापुढे तेही हात टेकतं, म्हणून नुसत्या त्याच्या भरवशावर जाऊ नका.
- फ्रेंचमध्ये लिहिलेली चिठ्ठी: तुम्ही काय खात नाही, कसली अ‍ॅलर्जी आहे. फ्रेंच येणाऱ्या मित्राकडून एकदा तपासून घ्या. माझी अजून पाकिटात आहे.
- बँकेचं कार्ड आणि थोडी चिल्लर. काही छोट्या जागी ठरावीक रकमेच्या खाली कार्ड घेत नाहीत; तशी पाटी गल्ल्यापाशी असते.
- नोकरीला असाल तर कंपनीकडून मिळणारी जेवणाची कुपनं, ‘तित्र रेस्तोराँ’. चालतात का ते बसण्याआधी विचारा.
- हातात वेळ. बेताच्या जेवणाला तासभर धरूनच चाला.

3. आत शिरण्याआधी पाटी वाचा

जेवणाच्या वेळात मन्यु आणि कार्त किमतींसकट बाहेरून वाचता येतील अशा लावणं फ्रान्समध्ये बंधनकारक आहे. त्याचा 1987चा सरकारी आदेश आहे, आणि त्यानुसार किमतीत सेवाशुल्क धरलेलं असावं लागतं. कर किमतीतच असतो. म्हणजे पाटीवर 18 युरो असतील तर द्यायचे 18च. दारात उभं राहून पाच मिनिटं वाचण्यात कसलाही कमीपणा नाही. तिथले लोकही तेच करतात.

पाटीवर हे शब्द शोधा:

‘प्ला द्यु झूर’ म्हणजे आजचा मुख्य पदार्थ, एकटाच. सहसा सर्वांत स्वस्त आणि ताजा.

‘फॉर्म्युल’ म्हणजे अर्धा बेत. बहुधा दोन पदार्थ: सुरुवातीचा आणि मुख्य, किंवा मुख्य आणि गोड. खाली बारीक अक्षरात “फक्त दुपारी, शनिवार-रविवार व सुट्टी सोडून” अशा अर्थाची ओळ असते. नवखे लोक फसतात ते याच ओळीत. रविवारी जाऊन मंगळवारच्या दराची अपेक्षा करायची नाही.

‘ओ श्वा’ म्हणजे आवडीप्रमाणे निवडा. ‘उ’ म्हणजे ‘किंवा’. या इवल्याशा ‘उ’कडे नीट बघा. मी एकदा “चीज उ गोड” यातला ‘उ’ मनातल्या मनात ‘आणि’ वाचला, आणि दोन्हींचे पैसे भरले.

‘सुप्लेमाँ’ म्हणजे वरचे पैसे. बेतातला एखादा पदार्थ घेतलात तर अमुक युरो जास्त, असं त्याच्या शेजारीच लिहिलेलं असतं.

‘फे मेझों’ म्हणजे इथेच शिजवलेलं. 2014 पासून यासाठी पातेल्यावर घराचं छप्पर असलेलं ठरलेलं चिन्ह आहे. पॅकेट फोडून गरम केलेल्या पदार्थाला ते लावता येत नाही.

वेळही बघा. दुपारचं जेवण साधारण 12 ते 2, रात्रीचं 7 किंवा साडेसातनंतर. पावणेदोनला पोचलात तर स्वयंपाकघर बंद होत आलेलं असतं, आणि तीन वाजता पोचलात तर खुर्च्या टेबलांवर उलट्या. अवेळी भूक लागली तर ‘सेर्विस कोंतिन्यु’ अशी पाटी असलेली ब्रासरी (रेस्टॉरंटचाच एक प्रकार) शोधा. तिथे दिवसभर शिजतं.

4. बसा आणि बरोबर वाक्य म्हणा

दारातून शिरताच “बोंझूर” म्हणा. हे शिष्टाचाराचं नुसतं लोणचं-पापड नाही, ते पानातलं मीठ आहे. बोंझूर न म्हणता थेट काही मागितलंत की समोरचा चेहरा बदलतो, आणि मग आपण बाहेर येऊन फ्रेंच लोक शिष्ट असतात म्हणत बसतो. रिकाम्या टेबलावर स्वतःहून बसू नका, किती जण आहात ते सांगून थांबा.

मग म्हणा: “ला कार्त, सिल् वू प्ले.” यादी द्या. यादीतच मन्युचाही चौकोन असतो, त्यामुळे दोन्ही समोर येतं. वेटरला ‘गार्सों’ अशी हाक मारू नका. त्याचा अर्थ ‘पोरगा’, आणि ती हाक आता जुनाट आणि उद्धट वाटते. “सिल् वू प्ले” म्हणत नजर दिली की पुरतं.

5. बेत की यादी? हिशोब करा

समजा यादीत सुरुवातीचा पदार्थ 9 युरो, मुख्य 18, गोड 8. एकूण 35. तेच तीन पदार्थ बेतात 26ला मिळत असतील तर बेत स्वस्त. पण हे गणित तिन्ही पदार्थ खाणाऱ्यासाठी. एका मुख्य पदार्थात पोट भरणार असेल तर 18 हे 26पेक्षा कमीच, आणि एकच पदार्थ मागवला म्हणून कुणी वाईट मानत नाही. बेतात निवडही थोडी असते, प्रत्येक पायरीला दोन-तीन पदार्थ. शाकाहारी माणसाच्या नशिबी त्यातला अनेकदा एकही येत नाही. मी दुपारी बहुतेक वेळा फॉर्म्युल घेते, रात्री आ ला कार्त.

खेड्यात ‘शांब्र दोत’ म्हणजे घरगुती मुक्कामाला उतरलात तर जुनं ‘ताब्ल दोत’ अजून जिवंत भेटेल: यजमानांच्या टेबलावर, सगळ्यांना एकच बेत, फक्त मुक्कामाच्या पाहुण्यांसाठी. तिथे यादी मागणं म्हणजे मावशीच्या घरी मेन्यूकार्ड मागणं. काय खात नाही ते खोली ठरवतानाच कळवा.

6. ‘आंत्रे’ म्हणजे मुख्य पदार्थ नव्हे

अमेरिकेहून फ्रान्समध्ये आलेले आपले लोक इथे हटकून अडखळतात. अमेरिकेत हा शब्द मुख्य पदार्थाला वापरतात. फ्रान्समध्ये ‘आंत्रे’ सुरुवातीला येतो. शब्दाचा अर्थच प्रवेश. माझ्या एका मित्राने तिकडच्या सवयीने फक्त आंत्रे मागवला आणि तीन घासांची बशी बघून “बाकीचं कधी येणार?” असं विचारलं.

पूर्वी फ्रेंच श्रीमंतांकडे जेवणाचे पदार्थ एकेक करून येत नसत. बऱ्याच पदार्थांचा एक अख्खा ताफा टेबलावर मांडला जाई, तो उचलून दुसरा. आंत्रे पहिल्या ताफ्यात, सूपबरोबर येत. एकोणिसाव्या शतकात एकामागून एक पदार्थ वाढण्याची रशियन पद्धत रुजली. तेव्हा आंत्रे बसला सूप-माशानंतर आणि भाजलेल्या मोठ्या मांसाच्या आधी. पुढे जेवणं आखूड झाली. फ्रान्समध्ये हा शब्द सरकत सरकत सुरुवातीला गेला. अमेरिकेत पुढचं भाजलेलं मांस गळालं आणि आंत्रेच मुख्य होऊन बसला. एकच शब्द, दोन देशांत दोन खुर्च्यांवर. मुख्य पदार्थासाठी ‘प्ला’ शोधा.

7. शाकाहारी असाल तर इथे जास्त वेळ थांबा

“झ स्वी वेजेतारियँ” (बाईने म्हणायचं “वेजेतारिएन”) म्हणजे मी शाकाहारी. हे म्हणा, पण तेवढ्यावर थांबू नका. बऱ्याच जणांच्या मनात ‘व्याँद’ म्हणजे मांस म्हटलं की लाल मांसाचा तुकडा येतो. मासा, हॅम, ‘लार्दों’ म्हणजे डुकराच्या मांसाचे बारके तुकडे त्यात धरलेले असतीलच असं नाही. म्हणून फोड करून सांगा: “सां व्याँद, सां प्वासों, सां लार्दों.” मांस नको, मासा नको, लार्दों नकोत. माझ्या पहिल्या जेवणातले ते गुलाबी तुकडे लार्दोंच होते. लियोंच्या प्रसिद्ध सॅलडमध्ये ते असतातच. गरम बकरीच्या चीजचं सॅलड, ‘शेव्र शो’, शाकाहारी वाटतं. त्यातही कितीदा टाकलेले असतात.

न दिसणाऱ्या गोष्टी जास्त अवघड. कांद्याचं सूप परंपरेने गोमांसाच्या पाण्यात शिजतं. काही भागांत बटाटे बदकाच्या चरबीत परततात. मूस, बाव्हारवा अशा गोड पदार्थांत जिलेटिन असू शकतं. पार्मेझान, कोंते अशी पारंपरिक चीज वासराच्या जठरातल्या रेनेट या पाचक द्रव्याने साकळवतात. हे शेवटचं किती मनावर घ्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी घरी त्याबद्दल बोलत नाही.

नावांचे सापळे तर विचारूच नका. ‘री द वो’ ऐकून भात मागवू नका. भाताचं ‘री’ झेडने संपतं आणि हे ‘री’ एसने, उच्चार एकच. एसवालं म्हणजे वासराची एक ग्रंथी. ‘आंदुयेत’ हे गोंडस नाव आतड्यांच्या सॉसेजचं. उलट लियोंमध्ये ‘सेर्व्हेल द कान्यु’ दिसलं तर घाबरू नका. शब्दशः अर्थ रेशीम विणकराचा मेंदू, पण बशीत येतं ताज्या मऊ चीजमध्ये लसूण, कांद्याची पात, तेल, व्हिनेगर कालवलेलं प्रकरण. थोडं आंबट, थोडं तिखटसर, पावाबरोबर फर्मास. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला सरळ चक्क्यात कालवलेली कोशिंबीर आठवली.

अ‍ॅलर्जी असेल तर संकोच न करता विचारा. युरोपीय नियमांनुसार 14 ठरावीक अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती गिऱ्हाइकाला देणं रेस्टॉरंटवर बंधनकारक आहे.

8. पाणी, पाव आणि बिल

नुसतं ‘पाणी’ म्हटलंत की सीलबंद बाटली येऊ शकते, आणि तिचे पैसे पडतात. म्हणा: “यून काराफ दो.” नळाच्या पाण्याची सुरई येईल, फुकट. जेवणासोबतचा पाव आणि साधं पाणी किमतीतच धरण्याचा आदेश 1967चा आहे, आणि 1 जानेवारी 2022 पासून पिण्याचं पाणी मोफत मागता येतं हे कार्तवर किंवा पाटीवर लिहिणंही सक्तीचं झालंय. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं. बाटली घेऊन मोठेपणा मिरवायचं कारण नाही.

जेवण संपलं तरी बिल येणार नाही. न मागता बिल आणणं म्हणजे ‘आता उठा’ म्हणणं, असं तिथे मानतात. मी सुरुवातीला अर्धा-अर्धा तास ताटकळत बसायचे. म्हणा: “लादिसियों, सिल् वू प्ले.” टिप द्यायची सक्ती नाही, सेवा किमतीत आहे. आवडलं तर एक-दोन युरो ठेवून उठतात. पर्यटकांच्या भागात कार्डाच्या मशीनवर टिपचे आकडे पुढे केले जातात. शून्य दाबायला लाजू नका.

उरलेलं अन्न बांधून मागता येतं. 2021 पासून मागितलं तर डबा देणं बंधनकारक आहे. थोड्या भुवया उंचावतात, पण डबा मिळतो.

9. पाटीवरचं नाव

‘ब्रासरी’ म्हणजे मुळात बिअर गाळण्याची जागा. ‘बिस्त्रो’ म्हणजे छोटं, घरगुती. 1814 मध्ये पॅरिसमध्ये शिरलेले रशियन सैनिक “बिस्त्रो, बिस्त्रो” म्हणजे “लवकर, लवकर” ओरडायचे, त्यावरून हा शब्द आला, अशी पाटीच तिथल्या मोंमार्त्र भागातल्या प्लास द्यु तेर्त्र या चौकात एका रेस्टॉरंटला लावलेली आहे. मात्र छापील फ्रेंचमध्ये हा शब्द सापडतो 1884च्या सुमाराला. सत्तर वर्षं तो कुठे लपून बसला होता, हे ती पाटी सांगत नाही.

लियोंचं ‘बूशों’ म्हणजे बाटलीचं बूच असं मलाही वाटायचं, कारण फ्रेंचमध्ये बुचाला तोच शब्द आहे. पण हा बूशों वेगळा: गवताची किंवा डहाळ्यांची पेंढी, जी पूर्वी खाणावळीच्या दारावर खूण म्हणून टांगत. बूशोंमध्ये बहुतेक सगळं मांसाचं. तरी एकदा जरूर जा. बोंझूर म्हणा, कार्त मागा, काराफ मागा, आणि विणकराचा मेंदू मागवा. सोबतचा पाव संपला तर आणखी मागता येतो, त्याचे पैसे पडत नाहीत.